झाडांना कॅल्शियम-मॅग्नेशियम : सेंद्रिय बागेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर भाजी लावणारे आणि एक-दोन एकरांत सेंद्रिय शेती करणारे हे प्रश्न मला सारखे विचारतात. मार्च उजाडला, टोमॅटोला फळं धरली, की तर रोजच. उत्तरं देताना गच्ची, काळी जमीन आणि कोकण या तिन्ही गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत, कारण एका ठिकाणचा उपाय दुसऱ्या ठिकाणी चक्क नुकसान करतो.

टोमॅटोचं बूड काळं पडतंय. म्हणजे कॅल्शियम कमी आहे ना?

फळात कमी आहे, हे खरं. मातीत कमी आहे, असं त्यावरून ठरत नाही.

कॅल्शियम झाडात फक्त पाण्याबरोबर वर चढतं. पानांमधून पाणी उडून जातं, त्या ओढीने मुळांकडचं पाणी वर येतं आणि त्यात विरघळलेलं कॅल्शियमही येतं. पानांतून पाणी भरपूर उडतं, म्हणून पानांना ते भरपूर मिळतं. फळाची साल गुळगुळीत, तिच्यातून पाणी जवळजवळ उडतच नाही, म्हणून फळाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. त्यातही देठापासून सगळ्यात लांब काय? बूड. एकदा पानात जाऊन बसलेलं कॅल्शियम तिथून निघून फळाकडे येत नाही. त्यामुळे फळ वाढत असताना दोन-तीन दिवस पाण्याची ओढाताण झाली, की बुडाकडच्या पेशी कोलमडतात आणि आठवड्याभराने तिथे रुपयाएवढा काळा, चामड्यासारखा डाग दिसतो. मिरची, ढोबळी, दुधी, कलिंगड यांनाही हाच त्रास होतो.

आता हिशेब करा. एक किलो टोमॅटोत जेमतेम 100 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. अंड्याच्या एका टरफलात साधारण 2 ग्रॅम. म्हणजे एका टरफलात 20 किलो टोमॅटोला पुरेल एवढं कॅल्शियम आहे! पानं-फांद्यांना लागतं ते जमेला धरलं तरी, माल कमी पडलाय म्हणून बूड सडतंय असं क्वचितच होतं. माल आहे, पोचत नाही.

हे मला कळलं ते फजिती होऊनच. एका उन्हाळ्यात 12 इंची कुंड्यांत टोमॅटो लावले होते. बुडं काळी पडायला लागली तशी मी टरफलांची पूड घातली, चुन्याची निवळी घातली, पुन्हा पूड घातली. डाग काही थांबेनात. एक दिवस शेजारच्या काकू सहज म्हणाल्या, "तुम्ही शनिवार-रविवार गावाला जाता ना, तेव्हा बघवत नाही हो त्या झाडांकडे." तेव्हा उजेड पडला. दर सोमवारी मी येऊन कोमेजलेल्या झाडांना बादलीभर पाणी ओतत होतो, आणि दर पुढच्या सोमवारी नवे डाग मोजत होतो.

मग नेमकं करायचं काय?

पाणी एकसारखं ठेवा. शेतात ज्याला आपण वाफसा म्हणतो, तीच स्थिती कुंडीतही हवी, ना चिखल ना फुफाटा. वर दोन-तीन इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट अंथरा. टोमॅटोला निदान 15-20 लिटरची कुंडी द्या, छोट्या कुंडीतलं पाणी एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंतही टिकत नाही. गावाला जाणार असाल तर ठिबकला टायमर लावा, नाहीतर शेजारच्या काकूंना सांगून जा.

पेंडीचं पाणी, शेणाची स्लरी वगैरे नत्राचा मारा फळं धरल्यावर आवरा. नत्राने पानं माजतात आणि पाणी ओढण्यात फळांवर मात करतात. डाग पडलेलं फळ बरं होत नाही, ते काढून टाका. डाग कोरडा असेल तर तेवढा कापून उरलेलं चटणीला चालतं.

अंड्याची टरफलं कुंडीत टाकतो. उपयोग होतो का?

चुरडून टाकलेली टरफलं मी दोन वर्षांनी माती बदलताना जशीच्या तशी उपसली आहेत. टरफल म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट, आणि तो फक्त आम्लात विरघळतो. आपल्या काळ्या मातीचा सामू (पीएच) बहुधा 7.5 ते 8.5, तिथे तो ढिम्म हलत नाही. कोकणातल्या आम्लधर्मी मातीत किंवा कंपोस्टच्या ढिगात तो हळूहळू कामाला येतो, पण तोही पिठासारखा बारीक दळला तर. मिक्सरचं जुनं भांडं यासाठी राखून ठेवा. मी टरफलं गांडूळखताच्या पेटीत टाकतो, गांडुळांना दळायला काहीतरी खरबरीत लागतंच.

आणि टरफलं व्हिनेगरमध्ये विरघळवून केलेलं द्रावण?

ते खरोखर पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम असतं. टरफलं तव्यावर कोरडी भाजायची, चुरडायची, व्हिनेगरमध्ये टाकायची. सोडा वॉटरसारखे बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड. झाकण घट्ट लावू नका, बरणी फुटेल. बुडबुडे थांबले की द्रावण तयार.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. पहिली, आपल्याकडच्या साध्या 4 टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये एक टरफल पूर्ण विरघळायला दीडशे मिली लागतं, त्यामुळे तळाशी टरफलं उरली तर तुमचं काही चुकलेलं नाही. त्या बाटलीवर बऱ्याचदा 'सिंथेटिक' असं छापलेलं असतं, काटेकोर सेंद्रिय करणाऱ्यांनी आंबवून केलेलं घ्यावं.

दुसरी गोष्ट हिशेबाची. हे द्रावण अगदी तेज झालं तरी लिटरला 13 ग्रॅम कॅल्शियम. ते 500 पट पातळ करून फवारलं, की लिटरला 27 मिलिग्रॅम उरतं. ज्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरं किटण चढतं, त्याची कठीणता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने) लिटरला 300 मिलिग्रॅम असेल आणि ती मुख्यतः कॅल्शियमचीच असेल, तर त्यात लिटरला 120 मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम असतं. म्हणजे महाग व्हिनेगर वापरून तुम्ही बोअरच्या पाण्याहून पातळ औषध तयार केलंत. धरणाचं मऊ पाणी आणि कोकोपीट, अशी जोडी असेल तर हेच द्रावण 100 पट पातळ करून आळवणी करा, म्हणजे मुळाशी ओता, तिथे त्याला अर्थ आहे. फवारायचं असेल तर पानांवर नको, कोवळ्या फळांवर पडलं पाहिजे.

पानाला लावायचा चुना चालतो का?

चालतो, पण जपून. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो, त्याच्या निवळीचा सामू 12 च्या वर जातो. कोकण-गोव्याच्या आंबट मातीत निवळीची अधूनमधून आळवणी उपयोगी पडते. घाटावरच्या काळ्या मातीत, जिच्यात मुळातच चुनखडीचे खडे हाताला लागतात, तिथे चुना घालणं म्हणजे भरल्या पोटी जेवण. निवळी ढवळताना डोळे सांभाळा. आणि चुना ताज्या शेणात कधीही मिसळू नका. नाकात झणझणणारा वास येतो ना, ते तुमच्या शेणातलं नत्र उडून चाललेलं असतं.

ताक, दूध, खडू, आजीच्या कॅल्शियमच्या गोळ्या?

दुधात लिटरला साधारण 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दहापट पातळ केलं की पुन्हा बोअरच्या पाण्याएवढंच. भुरीवर (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीवर) ताक फवारत असाल तर फवारा, कॅल्शियमसाठी नको. गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटच असतो, म्हणजे टरफलाचाच महाग भाऊ. त्या आजीलाच द्या. शाळेचा पांढरा खडू मात्र बहुधा जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा) असतो, आणि जिप्सम ही खरंच कामाची चीज आहे. पण खडू कुटत बसण्यापेक्षा कृषी सेवा केंद्रातून जिप्सम आणा, स्वस्त पडतं.

गणपतीची पीओपीची मूर्ती बादलीत विरघळवली. ते पाणी झाडांना घालू?

दर अनंत चतुर्दशीनंतर हा प्रश्न येतो. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेल्या पद्धतीत अमोनियम बायकार्बोनेट वापरतात. त्यातून खाली कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. अमोनियम सल्फेट हे सरळसरळ रासायनिक नत्रखत आहे, सेंद्रिय बागेत ते बसत नाही. शिवाय मूर्तीचे रंग त्यातच उतरलेले असतात. फुलझाडांना पातळ करून घालणारे घालतात, मी खायच्या भाजीला घालणार नाही. पुढच्या वर्षी शाडूची आणा, ती माती थेट कुंडीत जाते.

पानं पिवळी पडली आहेत, शिरा हिरव्या आहेत. मॅग्नेशियमच ना?

आधी सांगा, कुठली पानं?

खालची, जुनी पानं अशी झाली असतील तर मॅग्नेशियमचा संशय घ्या. पानाच्या हिरव्या रंगद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्या पानांना देतं, घरातल्या मोठ्यांनी आपल्या ताटातलं पोराला वाढावं तसं. पण पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असेल, तर तो बहुधा लोहाचा. भुईमुगावर आणि उसावर यालाच आपण केवडा म्हणतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. अशा केवड्याला मॅग्नेशियम समजून कोणी डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडीचा दगड) टाकलं, तर सामू आणखी चढतो आणि केवडा वाढतो. हा गोंधळ मी इतक्यांदा पाहिलाय, की आता फोटो मागताना "पूर्ण झाड दिसेल असा पाठवा" असंच सांगतो. नुसत्या पानाच्या फोटोवरून सांगणारा माणूस अंदाजपंचे बोलतोय.

एप्सम सॉल्ट किती आणि कधी?

लक्षण जुन्या पानांवर दिसलं तरच. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, त्यात साधारण साडेनऊ टक्के मॅग्नेशियम आणि बाराएक टक्के गंधक असतं. गच्चीसाठी लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, संध्याकाळी फवारायचं. दहा-पंधरा दिवसांनी आणखी एकदा. फार पिवळी झालेली पानं परत हिरवी होतीलच असं नाही. नवी पिवळी पडायची थांबली की काम झालं.

"गुलाबाला दर पंधरवड्याला एप्सम घाला" या सल्ल्यावर माझा राग आहे. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मुळाशी एकाच दारातून आत शिरायला बघतात. एकाची गर्दी केली की दुसरा बाहेर राहतो. टोमॅटोचं बूड काळं पडतंय म्हणून एप्सम घालणारे तर दुखणं वाढवतात.

मॅग्नेशियम कमी कशाने पडतं, मी तर सगळं सेंद्रियच देतो?

पालाशच्या (पोटॅशियमच्या) अतिरेकाने, हे घरगुती बागांमधलं सगळ्यात मोठं कारण आहे. केळीच्या सालींचं पाणी, चुलीची राख, गोमूत्र, यांतून पोटॅशियम बरंच जातं, आणि ते मॅग्नेशियमला ढकलून देतं. 'नैसर्गिक आहे, जास्त झालं तरी काय बिघडतं' हे इथे लागू पडत नाही. राखेत कॅल्शियमही खूप असतं आणि ती सामू चढवते, त्यामुळे काळ्या मातीत राख मी मुळीच टाकत नाही. महिनाभर हे सगळं थांबवून साधं गांडूळखत द्या. निम्म्या वेळा पंपाला हातच लावावा लागत नाही.

कपाशीवरचा लाल्या मॅग्नेशियमनेच जातो का?

लाल्या, म्हणजे पानं लाल पडणं, ही एका कारणाची गोष्ट नाही. बोंडं भरताना मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडणं, हलकी जमीन, पाणी साचणं किंवा ताण बसणं, रात्रीचा गारवा, वरून रस शोषणारे तुडतुडे, यांतलं दोन-तीन एकत्र आलं की विदर्भ-मराठवाड्यात शेतच्या शेत लाल होतं. मॅग्नेशियम सल्फेटची 1 टक्का फवारणी, म्हणजे 10 लिटरला 100 ग्रॅम, नेहमी सुचवली जाते आणि पानं लाल व्हायला लागताच केली तर गुण येतो. तिच्या जोडीला युरिया किंवा डीएपीची फवारणी सांगतात, ती सेंद्रियवाल्याला करता येत नाही. म्हणून नत्राची बाजू पेरणीआधीच शेणखत, पेंड आणि तूर-मूग-उडदाच्या आंतरपिकाने भक्कम करावी लागते. शेत पूर्ण लाल झाल्यावर फवारून पैसे घालवू नका. आणि पानं उलटून तुडतुडे बघा, ते असतील तर एप्समने काय होणार?

आमची जमीन कोकणात आहे. आम्हालाही हेच लागू?

नाही, तुमचं उलटं. घाटाखाली अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस जांभ्यावरच्या मातीतून कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि माती आंबट होते. तिथे कार्बोनेटचा चुना खरोखर लागतो, आणि डोलोमाइट सगळ्यात बरं, कारण त्यात दोन्ही आहेत. शुद्ध डोलोमाइटमध्ये सुमारे 22 टक्के कॅल्शियम आणि 13 टक्के मॅग्नेशियम असतं. लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळा. किती टाकायचं ते सामू मोजून ठरवा, शेजाऱ्याला विचारून नव्हे. समुद्रातल्या तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्या तर तुमच्याकडे फुकट असतात. भाजून कुटल्या तर त्याही याच कामाच्या.

काळ्या जमिनीत कॅल्शियम भरपूर आहे म्हणता, मग जिप्सम कशाला टाकतात?

चोपण जमिनीसाठी. नीरा कालव्याच्या पट्ट्यात किंवा सांगलीकडे कृष्णाकाठी, वर्षानुवर्षं पाणी दिलेल्या उसाच्या जमिनी पहा. पावसात साबणासारख्या निसरड्या, उन्हात दगडासारख्या. तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. जिप्सममधलं कॅल्शियम त्याला हुसकावतं आणि तो पाण्याबरोबर खाली जातो. पण खाली जायला वाट पाहिजे. चर काढल्याशिवाय जिप्सम टाकणं म्हणजे मोरी तुंबलेली असताना फरशी धुणं. ज्या चोपण जमिनीत मुळातच चुनखडी खूप आहे तिथे गंधक बरं पडतं, मातीतल्या चुनखडीचंच त्याने जिप्सम होतं.

जिप्सम घेताना खाणीतलं घ्या, राजस्थानातून येतं ते. फॉस्फरिक आम्लाच्या कारखान्यातून निघणारं फॉस्फोजिप्सम स्वस्त असतं, पण सेंद्रियमध्ये ते घेऊ नका.

आणि हो, भुईमूग. त्याची शेंग कॅल्शियम मुळाकडून घेत नाही, जमिनीत शिरलेली आरी (फुलापासून खाली उतरणारा दांडा) आणि वाढती शेंग ते आजूबाजूच्या मातीतून थेट शोषते. म्हणून हलक्या जमिनीत हेक्टरी 400 किलोच्या आसपास जिप्सम, अर्धं पेरताना आणि अर्धं आऱ्या सुटताना झाडाच्या बुडाशी. नाहीतर शेंगा दिसायला टपोऱ्या आणि फोडल्यावर पोचट.

गच्चीवर नुसतं कोकोपीट आहे, आरओचं पाणी घालतो. काही वेगळं करावं लागेल?

तुम्हालाच खरी गरज आहे. आरओने पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतलं, आणि कोकोपीट उरलेलं धरून ठेवतं, बदल्यात पोटॅशियम आणि सोडियम सोडतं. वीट भिजवल्यावर दोन-तीनदा धुऊन पाणी फेका. मग 20 लिटर मिश्रणाला दोन चमचे जिप्सम, दोन चमचे डोलोमाइट आणि निदान एक तृतीयांश गांडूळखत. झाडांना आरओ द्यायची गरजच नाही, नळाचं साधं पाणी द्या. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र फार खारट असू शकतं, ते रोज कुंडीत नको.

बाजारातली 'कॅल-मॅग'ची बाटली सेंद्रिय असते का?

लेबल उलटून वाचा. कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम नायट्रेट किंवा ईडीटीए लिहिलं असेल तर नाही, पुढच्या बाजूला कितीही हिरवी पानं काढलेली असोत. ही उत्पादनं मातीविना शेतीसाठी निघाली. प्रमाणपत्र घेतलेल्या शेतकऱ्याने तर काहीही आणण्याआधी प्रमाणीकरण संस्थेला विचारावं, मॅग्नेशियम सल्फेटसाठीसुद्धा. होकार लेखी घ्यावा, बिल आणि पोत्याचं लेबल जपून ठेवावं. तपासणीला तोंडी सांगितलेलं कोणी धरत नाही.

मृदा आरोग्य पत्रिका आहे. त्यात बघितलं तर कळेल?

कळणार नाही! 2015 पासून मिळणाऱ्या या पत्रिकेत 12 गोष्टी असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात नाहीत. प्रयोगशाळेत 'विनिमययोग्य कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि मुक्त चुना' हे वेगळं सांगून, वेगळे पैसे भरून तपासून घ्यावं लागतं. अहवालात दोघांचं प्रमाण अमुकच हवं असं कोणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका, पिकं बऱ्याच मोठ्या पल्ल्यात सुखाने वाढतात.

घरच्या घरी एवढं करा. चमचाभर कोरडी माती बशीत घ्या, वर लिंबू पिळा आणि कान जवळ न्या. चर्र आवाज आला, फेस आला, तर तुमच्या मातीत चुना आहे, त्या मातीला टरफलं दाखवायची गरज नाही.

कॅल्शियम आणि एप्सम एकाच पंपात घालू?

नको. दाट द्रावणं एकत्र आली की कॅल्शियम आणि सल्फेट जुळून जिप्सम होतं, तळाशी पांढरा गाळ बसतो आणि नोझल चोंदतं. मधे चार-पाच दिवस जाऊ द्या. आधीच मिसळलं असेल तर गाळून फवारू नका, कोपऱ्यातल्या एखाद्या रिकाम्या कुंडीत ओतून टाका आणि नोझल भरपूर साध्या पाण्याने धुऊन घ्या.